ट्रान्सप्लांटनंतर डी व्हिटॅमिन का घसरतं, त्यामागची गोष्ट

स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे डोनरच्या रक्त बनवणाऱ्या पेशी पेशंटला देणं, ते होऊन पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष रक्तातल्या पेशींचे काउंट, ताप आणि इन्फेक्शनवर असतं, आणि मग काही महिन्यांनी कंबर दुखायला लागते, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, रक्त तपासलं तर डी व्हिटॅमिन 20 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्याही खाली. घरच्यांना वाटतं आपलंच खाण्यापिण्यात काही चुकलं. तसं नसतं हो, हे मनाला लावून घेऊ नका. कारण समजायला आधी डी शरीरात येतं कुठून ते पाहू.

1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं आणि एक्स-रेमध्ये हाडं भरून येताना दिसली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करत होते, त्यांना कॉड माशाच्या लिव्हरच्या तेलाने मुडदूस टळतो असं दिसलं. 1922 मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी ते तेल तापवून त्यात हवा सोडली, त्यातलं ए व्हिटॅमिन गेलं तरी तेल मुडदुसावर लागू पडतच होतं, म्हणजे हा घटक वेगळाच, त्याचं नाव डी पडलं. थोडक्यात शरीरात डी यायच्या वाटा दोनच, कातडीवरचं ऊन आणि आतड्यातून शोषलेली चरबी, कारण डी चरबीत विरघळतं.

ट्रान्सप्लांटमध्ये नेमक्या याच दोन वाटा बंद होतात!

डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उलटतात त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि कातडीवरचा जीव्हीएचडी उन्हाने भडकू शकतो, त्यात काही औषधांनी कातडी उन्हाला नाजूक होते, म्हणून टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. पेशंट खिडकीशी बसतो, ऊन अंगावर येतं, पण काचेतून यूव्हीबी, म्हणजे कातडीत डी बनवणारी अतिनील किरणं, जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे ऊब मिळते पण डी बनत नाही. आतड्याला जीव्हीएचडी झाला तर चरबी शोषली जात नाही. जे थोडंफार पोचतं त्यावर पहिली प्रक्रिया लिव्हरमध्ये होते, आणि लिव्हरही या आजाराच्या तडाख्यात सापडतं. वर जीव्हीएचडी आवरायला दिलेली स्टेरॉईड, ती तर थेट हाडंच पोखरतात. बऱ्याच जणांची लेव्हल ट्रान्सप्लांटच्या आधीच कमी असते, आजार आणि केमोमुळे, ते वेगळंच.

मग हे आधी का नाही लक्षात आलं? 1957 मध्ये अमेरिकन डॉक्टर डॉनल थॉमस यांनी बोन मॅरो (हाडांतला मगज, रक्ताच्या स्टेम सेल याच्यातच असतात) शिरेतून देण्याचे पहिले अनुभव मांडले तेव्हा पेशंट वाचणं हाच प्रश्न होता, 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं तोवर बरेच पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले होते आणि मग कुठे हाडांचं दुखणं समोर आलं. मला यात कुणाचा दोष वाटत नाही, आधी जीव वाचवायचा होता.

1983 च्या सुमाराला लिम्फोसाइट या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींतही डी चे रिसेप्टर, म्हणजे डी ओळखणारे भाग, असल्याचं समजलं, तेव्हापासून हा विषय नुसता हाडांचा राहिला नाही. 2016 मध्ये स्पेनमधल्या एका ट्रायलमध्ये डी दिलेल्या पेशंटमध्ये क्रॉनिक (दीर्घकाळ चालणारा) जीव्हीएचडी कमी दिसला, जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. ट्रायल छोटी होती, त्यामुळे यावर फार मोठी आशा बांधू नये असं मला वाटतं.

आणि एक, मनाने मोठे डोस सुरू करू नका प्लीज. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि त्याचा भार किडनीवर येतो, जी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या जीव्हीएचडी रोखणाऱ्या औषधांमुळे आधीच थकलेली असते. डोस किती आणि पुन्हा तपासणी कधी, हे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनाच विचारा.