एसी नेमका कधी ‘तयार’ होतो?

विंडो एसीच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तो कारखान्यातून गॅस भरून, सीलबंद होऊनच बाहेर पडतो. स्प्लिट एसीचं तसं नाही. आतलं युनिट एका खोक्यात येतं, बाहेरचं दुसऱ्या. मेकॅनिक घरी येऊन तांब्याचा पाइप कापतो, टोकं फ्लेअर करतो (कर्ण्यासारखी फुलवतो), नट आवळतो, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढतो आणि मग गॅस सोडतो. तोवर त्या दोन खोक्यांना गारवा देता येत नाही. थोडक्यात, या यंत्राच्या निर्मितीची शेवटची पायरी ग्राहकाच्या घरी पार पडते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, याच गोष्टीनं चांगलंच कोड्यात टाकलं होतं.

पार्श्वभूमी अशी. घरगुती एसीत अनेक दशकं आर-२२ हा गॅस वापरला जात होता. त्याच्या रेणूत क्लोरिन असतो. गळालेला गॅस वर स्थितांबरात पोचला की अतिनील किरणांनी हा क्लोरिन सुटा होतो आणि ओझोनचे रेणू मोडत सुटतो. सीएफसी या क्लोरिनयुक्त जुन्या शीतक वायूंच्या मानानं आर-२२ सौम्य: त्याची ओझोन-घातकता सीएफसी-११ च्या साधारण साडेपाच टक्के. पण जगभर कोट्यवधी यंत्रांत भरलेला असल्यानं ओझोन वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या पुढच्या टप्प्यांत त्याचीही पाळी आली. अमेरिकेनं ठरवलं की १ जानेवारी २०१० पासून नव्यानं बनवलेला किंवा आयात केलेला आर-२२ फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी वापरायचा, नव्या यंत्रांत नाही.

आता ‘नवं यंत्र’ कशाला म्हणायचं? डिसेंबर २००९ च्या नियमात ईपीएनं व्याख्या दिली. शीतक वायूचं मंडल, म्हणजे तो ज्यातून फिरतो तो बंद मार्ग, पूर्ण झालं, त्यात पूर्ण गॅस भरला आणि यंत्र वापरायला सज्ज झालं, त्या दिवशी ते ‘बनलं’ असं मानायचं. खोक्यावरच्या तारखेला अर्थ नाही. जागेवर जोडल्या जाणाऱ्या यंत्रणेची निर्मिती-तारीख म्हणजे ती बसवल्याची तारीख. गोदामात २००८ सालचा माल पडून असला, तरी २०१० मध्ये त्यातून नवी यंत्रणा उभारून त्यात ताजा आर-२२ भरता येणार नव्हता. मला ही व्याख्या आवडते. भौतिकशास्त्राच्या बाजूनं ती अगदी चोख आहे.

पण तिची दुसरी बाजू लगेच पुढे आली. एखाद्या घरी २००० साली बसवलेली यंत्रणा आहे आणि २०११ च्या उन्हाळ्यात बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर जळाला. आतलं कॉइल ठीक, पाइप ठीक. फक्त बाहेरचं युनिट बदललं तर ती नवी यंत्रणा की जुनीची दुरुस्ती? मंडल तर २००० सालीच पूर्ण झालं होतं. तेव्हा ही दुरुस्तीच, आणि दुरुस्तीला आर-२२ चालतो! गॅस भरलेलं नवं युनिट विकायला बंदी होती. मग कंपन्यांनी गॅसविना युनिट काढली. आत केवळ नायट्रोजन, तोही ओल शिरू नये म्हणून. बाजारात यांना ‘ड्राय युनिट’ म्हणत. मेकॅनिक नायट्रोजन सोडून देई, जोडणी करी आणि सिलिंडरमधून आर-२२ भरी. कायदा मोडला जात नव्हता, पण आणखी दहा-पंधरा वर्षं चालेल असं जुन्या गॅसचं यंत्र कोरं करकरीत उभं राहत होतं.

याला पळवाट म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे. पण घरमालकाची अडचण खरी होती, आणि ती रसायनशास्त्रातून आलेली होती. आर-२२ च्या जागी आलेला आर-४१०ए जुन्या यंत्रात नुसता ओतून भागत नाही. चाळीस अंश सेल्सियसला आर-२२ चा दाब सुमारे १५ बार असतो, आर-४१०ए चा सुमारे २४. जुना कॉम्प्रेसर आणि जुनं कॉइल एवढ्या दाबासाठी बनवलेले नसतात. दुसरी अडचण तेलाची. कॉम्प्रेसरला वंगण लागतं आणि त्यातलं थोडं तेल गॅसबरोबर पाइपांतून फिरतं. आर-२२ मध्ये खनिज तेल मिसळतं, म्हणून ते फिरून कॉम्प्रेसरकडे परत येतं. ज्या क्लोरिनमुळे ओझोनचं नुकसान होतं, त्याचाच या मिसळण्याला हातभार असतो. क्लोरिन काढलेल्या नव्या गॅसांत खनिज तेल नीट मिसळत नाही. ते कॉइलमध्येच साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॉलिऑल एस्टर जातीचं कृत्रिम तेल वापरावं लागतं, आणि ते हवेतली ओल पटकन शोषतं. एकूण काय, गॅस बदलायचा तर आतलं-बाहेरचं दोन्ही बदला, पाइप साफ करा किंवा भिंत फोडून नवे टाका. त्यापुढे ड्राय युनिट स्वस्त पडणारच.

ड्राय युनिटांचा जोर ओसरला तो सिलिंडरमुळे. ईपीएनं आर-२२ च्या उत्पादन-आयातीचा कोटा आवळत नेला: २०१५ साठी सुमारे १०,००० टन, २०१९ साठी जेमतेम १,८०० टन, आणि १ जानेवारी २०२० पासून शून्य. त्यानंतर उरला तो साठवलेला किंवा जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस. तो महागला, तसं जुनं यंत्र चालवत राहणं परवडेनासं झालं. लाखो घरांत कोणतं युनिट कधी जोडलं हे तपासणं अशक्य असतं. मोजक्या कारखान्यांतून बाहेर पडणारा गॅस मात्र मोजता येतो.

गंमत अशी की आर-४१०ए नं ओझोन वाचवला, पण हवामानाच्या हिशेबात तो आर-२२ पेक्षाही वाईट. शंभर वर्षांच्या मापानं आर-२२ ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट, तर आर-४१०ए ची २,०८८ पट. यंत्रणेत ३ किलो गॅस धरला आणि तो सगळा गळाला, तर सव्वासहा टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणून आता त्याची पाळी आली आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या नियमानं घरगुती एसीतल्या गॅसच्या या क्षमतेवर ७०० पटींची मर्यादा घातली. १ जानेवारी २०२५ पूर्वी बनलेला माल नव्या यंत्रणेत बसवायला आणखी एक वर्षाची सवलत मिळाली. ‘बसवणं’ म्हणजे काय? तीच व्याख्या: मंडल पूर्ण, गॅस पूर्ण, यंत्र सज्ज. आणि दुरुस्तीसाठी आर-४१०ए चं बाहेरचं युनिट घ्यायला याही वेळी परवानगी आहे. गोदामातल्या मालाचं काय करायचं, हा आरडाओरडा याही वेळी झाला; २०२५ च्या शरद ऋतूत ईपीएनं स्वतःच ती बसवण्याची मुदत काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे गोष्ट निराळ्या वेगानं चालली आहे. भारतात नव्या उपकरणांच्या उत्पादनात आर-२२ सह सगळ्या एचसीएफसींचा (आर-२२ ज्या गटातला, त्या क्लोरिनयुक्त वायूंचा) वापर २०२४ अखेर थांबवायचा होता. जुन्या एसींसाठी तो अजून मिळतो. दरम्यान आपल्या बाजारानं बहुतांशी आर-३२ धरला, क्षमता ६७५ पट. गोदरेजनं तर २०१२ मध्येच प्रोपेनवर चालणारे एसी आणले होते, ज्यांचा आकडा एक अंकी आहे. आर-३२ थोडा ज्वलनशील, प्रोपेन बराच. त्यामुळे व्हॅक्यूम न करता ‘थोडा गॅस सोडून हवा काढू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आता थांबवायला हवं. अशा वेळी गॅस खोलीत पसरतो, आणि पाइपात ओल राहते ती वेगळीच.

आर-३२ हेही काही शेवटचं स्थानक नव्हे. मॉन्ट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीनुसार भारताचा एचएफसी, म्हणजे आर-४१०ए आणि आर-३२ सारख्या क्लोरिन नसलेल्या वायूंचा, वापर २०२८ मध्ये गोठेल, २०३२ पर्यंत १० टक्के, २०३७ पर्यंत २० टक्के, २०४२ पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. नागपूरला २०३४ मध्ये बसवलेल्या एसीची गॅस भरण्याची वेळ २०४५ च्या सुमारास आली, तर ती नेमकी त्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कपातीच्या तोंडावर येईल. तेव्हा दुकानात ‘कोणता गॅस आहे?’ हा प्रश्न टनांच्या आणि ताऱ्यांच्या चौकशीबरोबरच विचारावा. उत्तर बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर वजनासकट छापलेलं असतं.