किलिमांजारो आणि आपली किडनी

कसारा लोकल पकडून कळसूबाई करून येणारी मुंबईतली बरीच मंडळी आता टांझानियातल्या किलिमांजारोचे बेत आखू लागली आहेत. तयारी म्हणजे पाठीवर सॅक घेऊन बिल्डिंगचे जिने चढायचे आणि खिशात कापराची पुडी ठेवायची. "वर ऑक्सिजन कमी असतो, कापूर हुंगायचा," असं प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी सांगतंच.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण जुहूच्या किनाऱ्यावर जेवढं, तेवढंच किलिमांजारोच्या 5895 मीटरवरच्या उहुरू शिखरावर असतं: जवळपास 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला 760 मिलिमीटर पारा, तिथे सुमारे 375. हा आकडाही विषुववृत्ताच्या कृपेने बरा म्हणायचा. उष्ण कटिबंधात हवेचा थर जाड असतो. अलास्कातल्या डेनालीवर याच उंचीला दाब आणखी कमी भरतो.

खरी गंमत छातीच्या आत आहे. श्वासाची हवा फुप्फुसात पोचेपर्यंत ओली होते आणि 37 अंशांना त्या बाष्पाचा दाब 47 मिलिमीटर असतो. तो शरीराच्या तापमानावर ठरतो, त्यामुळे मुंबईतही 47 आणि शिखरावरही 47. मुंबईत 760 मधून 47 गेले की उरलेल्याचे 21 टक्के म्हणजे सुमारे 149. शिखरावर 375 मधून तेच 47 गेले की ऑक्सिजनच्या वाट्याला येतात जेमतेम 69.

त्यात वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, कार्बन डायऑक्साइड आधीच ठाण मांडून असतो. लोकलचे डबे निम्मे केले आणि पासवाले तेवढेच राहिले, तर नव्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही, तशी ऑक्सिजनची गत होते. कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी 40 असतो. आपण जेवढा ऑक्सिजन वापरतो त्याच्या साधारण 0.8 पट कार्बन डायऑक्साइड तयार करतो, म्हणून हिशोबात 40 भागिले 0.8, म्हणजे 50 वजा करायचे. मुंबईत 149 मधून 50 गेले तरी 99 हातात राहतात. शिखरावर 69 मधून 50 गेले तर उरतात 19! एवढ्यावर शुद्ध टिकणार नाही. म्हणून शरीर भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड 25 पर्यंत उतरवतं. आता वजा होतात 31 आणि उरतात 38. बाहेरची हवा तीच, पण वायुकोशातला ऑक्सिजन दुप्पट.

ऑक्सिजन घटल्याचा सुगावा मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावरच्या इवल्याशा अवयवाला लागतो. श्वासाचं हे नियंत्रण उलगडल्याबद्दल कोर्नेय हेमान्स यांना 1938चं नोबेल मिळालं.

पण कार्बन डायऑक्साइड गेला की रक्तातली आम्लता घटते आणि मेंदूतलं श्वसनकेंद्र "आता पुरे" म्हणून ब्रेक लावतं. मान म्हणते घे, मेंदू म्हणतो थांब. रात्री तंबूत शेजारच्याचा श्वास वाढत जातो, काही सेकंद चक्क थांबतो, मग तो दचकून मोठा श्वास घेतो, ते या ओढाताणीमुळेच. हा ब्रेक सैल करते किडनी. ती रक्ताची आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट लघवीतून टाकते आणि रक्ताचा तोल सावरते. त्याला काही दिवस लागतात. जिने चढून पाय आणि हृदय तयार होतात, किडनीचा वेग वाढत नाही. म्हणून मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही तिथे डोकेदुखी गाठते. डायमॉक्सची गोळी किडनीला हेच काम लवकर करायला लावते, मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कापराने नाकाला गार वाटतं, म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. वरच्या हिशोबातला एकही आकडा त्याने हलत नाही. कापूर गिळला गेला तर झटकेही येऊ शकतात.

तेव्हा सहल ठरवताना मुक्कामांच्या उंच्या विचारा. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये. पाच दिवसांच्या मारांगू वाटेवर मुक्काम अंदाजे 2700, 3700 आणि 4700 मीटरवर पडतात, म्हणजे दर रात्री दुप्पट उडी. मचामे वाटेवर दिवसा 4600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला 3900 च्या आसपास उतरतात. तिथे सात दिवस देणं केव्हाही चांगलं. आणि बसल्या जागी धाप लागली, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायला लागायचं.