पदवीतला ‘व’ : पशुवैद्यक, पशुसंवर्धन आणि मागाहून आलेले कल्याण

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणजे ‘पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन’. ‘नीट’चे गुण घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांचा जीव पहिल्या शब्दात अडकलेला असतो, आणि घरच्यांना ‘जनावरांचा डॉक्टर’ एवढे पुरते. मधल्या ‘व’कडे कोणी बघत नाही. वाद मात्र सगळा त्या ‘व’चाच आहे. जनावरांचे व्यवस्थापन आणि कल्याण हा विषय आपल्याकडे स्वतंत्र पदवी म्हणून का रुजला नाही, हे त्यातून बरेचसे कळते.

जुना भाग थोडक्यात. लष्कराला घोडे धडधाकट हवे होते आणि बुळकांडीने गावेच्या गावे गुरांविना होत होती, या दोन गरजांतून शिक्षण सुरू झाले. पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, परळला १८८६ मध्ये कॉलेज. परळहून बाहेर पडणारे कित्येक वर्षे नावापुढे ‘जी.बी.व्ही.सी.’, म्हणजे ‘ग्रॅज्युएट ऑफ बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज’, लावत. ती विद्यापीठाची पदवी नव्हती. शिक्षणाचा भर रोग, औषध आणि शस्त्रक्रियेवर होता. गाय कशी सांभाळावी, गोठा कोणत्या दिशेला असावा, वैरण किती घालावी, हे शेतकी कॉलेजचे काम. तिथला ‘पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र’ विभाग आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला : आजारी जनावर बघणारा आणि निरोगी जनावर सांभाळणारा माणूस एकच असावा की दोन? वेगळेपणाच्या बाजूचे म्हणत, डॉक्टर आजारामागे धावतो. पैदास, खाद्य आणि निवारा यांना वेगळी दृष्टी लागते. हिसारसारख्या ठिकाणी पशुविज्ञानाचे वेगळे कॉलेज आणि वेगळी पदवी होती. एकत्रीकरणाची बाजू सरळ हिशोबाची होती. तालुक्याला एक अधिकारी मिळताना मारामार, तिथे दोन कुठून आणायचे? शिवाय दुसरी पदवी घेतलेल्याने सुई टोचायची की नाही, हा खडा होताच. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पदवीधरालाच उपचाराचा हक्क दिला आणि ज्याच्या हाती सुई, त्याचीच पदवी टिकणार हे ठरून गेले. नव्वदच्या दशकात देशभरासाठी अभ्यासक्रमाचे किमान निकष आले, ते जोडपदवीचेच. वेगळ्या पदव्या एकेक करून मागे पडल्या.

हा निर्णय प्रशासनाच्या सोयीचा होता, शिक्षणाच्या नव्हे, असे म्हणायला जागा आहे. एकत्र आलेल्या दोघांत एक मोठा भाऊ झाला आणि दुसरा त्याच्या घरी राहायला आला. ‘पशुधन उत्पादन व्यवस्थापन’ हा विषय पहिल्या वर्षापासून असतो खरा, पण मुलांच्या तोंडी नाव असते ते सर्जरी आणि मेडिसिनचे. व्यवस्थापनाचे रोजचे काम मधल्या काळात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांकडे गेले. त्यांनी ‘किरकोळ सेवा’ कोणत्या आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यायच्या, यावरून महाराष्ट्रात आंदोलने झाली. तो वेगळा आणि बराच कडू विषय आहे.

आता शब्दांचा गुंता. मराठीत पशुसंवर्धन, पशुवैद्यक, पशुधन या सगळ्यांत ‘पशू’ आहे, ‘पशुधना’त तर धनही आहे. कायदा मात्र ‘प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध’ करतो, १९६० पासून. पशूला मालक असतो, प्राण्याला नसला तरी चालते. खात्याचा कारभार पशूंचा आणि दया प्राण्यांवर, अशी वाटणी भाषेनेच करून ठेवली. म्हणून ‘कल्याण’ म्हटले की भटकी कुत्री आणि पिंजऱ्यातले पोपट डोळ्यांपुढे येतात. दावणीची म्हैस येत नाही.

खरे तर कल्याणाची शास्त्रीय चर्चा सुरू झाली ती दावणीवरूनच. ब्रिटनमध्ये १९६५ च्या एका समितीने बंदिस्त फार्मवरच्या जनावराला उठता-बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता यावेत, एवढे मागितले. त्यातून पुढे पाच स्वातंत्र्ये आली : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून, भीती-ताणापासून मुक्ती, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. आपल्या अभ्यासक्रमात कल्याण शिरले ते नीतिशास्त्र आणि न्यायवैद्यकाच्या दारातून. त्यामुळे ते कलमे पाठ करण्याचा विषय बनले.

प्रात्यक्षिकात मात्र ते पहिल्याच वर्षी भेटते, त्या नावाने नव्हे इतकेच. बैल पाडायला शिकवतात : दोराचा एक फास मानेला, मग पुढच्या पायांमागे छातीभोवती वेढा, आणखी एक मागच्या पायांपुढे कमरेभोवती. मग दोर मागे सरळ ओढायचा. बैल हिसका न देता गुडघे मोडून बसतो. जागा मऊ आहे का, मानेची गाठ आवळत तर नाही ना, कोणी डोके धरले आहे का, हे सगळे कल्याणच. परीक्षेत गुण गाठीला मिळतात.

सध्याचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. तो नव्याने बांधला जात होता त्या सुमारास बाहेर वेगळेच घडत होते. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. त्या निकालात या पाच स्वातंत्र्यांचा आधार होता. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला कायदा वैध ठरला. आता शर्यतीच्या बैलाची तपासणी करून तो पळायला योग्य असल्याचा दाखला नोंदणीकृत पशुवैद्यकाने द्यायचा. म्हणजे ‘व’च्या अलीकडची सही लागते आणि पलीकडचे ज्ञान. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सकाळपासून बैलजोड्यांची रांग लागलेली असते, आणि एकेका बैलामागे मिळतात ती थोडकी मिनिटे.