पाच जणांचं काम एका टेबलावर: फ्रीलान्स ग्राफिक डिझाइनची पार्श्वभूमी

फ्रीलान्स डिझायनर लोगो करतो, अक्षरजुळणी करतो, फोटो साफ करतो, छपाईची फाइल तयार करतो. शिवाय कोटेशन, बिल आणि थकलेल्या पैशांचा पाठपुरावाही त्याच्याच गळ्यात. नवीन सॉफ्टवेअर शिकायचं तर तेही कामं उरकल्यावर, स्वतःच्या खर्चाने. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की असंच चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात या कामांना पूर्वी वेगवेगळी माणसं होती आणि शिकण्याचा खर्च बराचसा दुसरं कुणीतरी उचलत होतं.

पोस्टरकलेचा जनक मानला जाणारा ज्यूल शेरे तेराव्या वर्षी एका लिथोग्राफरकडे (दगडावर काढलेलं चित्र छापणाऱ्याकडे) शिकाऊ म्हणून लागला आणि तिथे तीन वर्षं राहिला. पुढे १८६६मध्ये त्याने पॅरिसमध्ये स्वतःचा लिथो छापखाना काढला. आधी कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी, मग स्वतःचं दुकान, हा क्रम पुढे बराच काळ टिकला. १९१९मध्ये जर्मनीत वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेनेही तो मोडला नाही. तिथल्या कार्यशाळांची रचना शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशीच होती. शाळा डेसाऊला गेल्यावर तिथले शिक्षक हर्बर्ट बायर यांच्या छपाई आणि जाहिरात कार्यशाळेत बाहेरची खरी कामंही येत. शिकणं आणि कमावणं एकाच छताखाली चालत होतं.

कॉम्प्युटर येण्याआधी स्वतंत्र डिझायनरचं एक साधं काम कसं पार पडत असे, ते पाहण्यासारखं आहे. क्लायंटकडून टाइप केलेला मजकूर आला की आधी त्यातली अक्षरं मोजायची. अमुक टाइप, अमुक पॉइंट, एवढ्या रुंदीचा कॉलम, म्हणजे किती ओळी होतील याचं गणित मांडायचं. कागदाच्या समासात सूचना लिहून मजकूर टाइपसेटरकडे, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याकडे, पाठवायचा. तो जुळवून आलेल्या लांबलचक पट्ट्या कापून, मागे मेण किंवा रबर सोल्यूशन लावून, टी-स्क्वेअरच्या आधाराने बोर्डावर चिकटवायच्या. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने, कारण तो रंग कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नसे. मथळ्यासाठी १९६०च्या दशकापासून लेट्रासेटची अक्षरं घासून उमटवता येऊ लागली. मग बोर्ड कॅमेरावाल्याकडे, फिल्म प्लेटवाल्याकडे आणि प्लेट मशीनवर.

आजच्या कामाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे गणित चुकलं तर मजकूर पुन्हा जुळवावा लागे आणि त्याचे पैसे पडत. टाइपसेटरची स्वतःची चूक फुकट दुरुस्त व्हायची. क्लायंटने ऐनवेळी वाक्य बदललं तर त्याची वेगळी रक्कम बिलात दिसायची. बदलाला किंमत असते, हे डिझायनरला कधी समजावून सांगावं लागत नसे. आज करारात ‘दोन करेक्शन समाविष्ट, पुढच्यांना जादा आकार’ अशी ओळ घालावी लागते ती, माझ्या मते, तो टाइपसेटर मधून गेल्यामुळे.

टाइपसेटर गेला १९८५नंतर. त्याच्या आदल्या वर्षी ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर आला होता, किंमत २,४९५ डॉलर. १९८५मध्ये ॲपलचाच लेझररायटर प्रिंटर आला, ६,९९५ डॉलरचा, आणि त्याच वर्षी आल्डस कंपनीचं पेजमेकर, म्हणजे पडद्यावर पान मांडायचं सॉफ्टवेअर. या तिकडीला जोडणारी चौथी गोष्ट पडद्यामागे राहिली: पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा. तिच्यामुळे घरच्या प्रिंटरवर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तपासलेलं पान तसंच्या तसं इमेजसेटर या फिल्म काढणाऱ्या महागड्या यंत्रावर कित्येक पट सूक्ष्म छापून मिळू लागलं. ते यंत्र विकत घ्यायची गरज उरली नाही. फ्लॉपी घेऊन जायचं आणि फिल्म घेऊन यायचं. एकट्या माणसाला छपाईयोग्य काम करता येऊ लागलं ते इथून. १९८७मध्ये चित्र काढायचं इलस्ट्रेटर आणि पान मांडायचं क्वार्कएक्सप्रेस, १९९०मध्ये फोटो सुधारायचं फोटोशॉप. काही वर्षांतच अक्षरजुळणी, पेस्ट-अप (बोर्डावर चिकटवणं), रिटचिंग (फोटो साफ करणं) हे सगळे हात एका माणसात गोळा झाले. दर मात्र त्या हिशेबाने वाढले असं काही दिसत नाही.

दराच्या बाबतीत दोन गोष्टी कायम शेजारी ठेवल्या जातात. १९७१मध्ये पोर्टलंडच्या विद्यापीठात डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांनी नाइकीचं चिन्ह काढलं. तासाला दोन डॉलर या दराने बिल झालं ३५ डॉलर. (१९८३मध्ये कंपनीने त्यांना अंगठी आणि शेअर भेट दिले, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं.) १९८६मध्ये नामवंत अमेरिकी डिझायनर पॉल रँड यांनी स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट या कॉम्प्युटर कंपनीचा लोगो केला एक लाख डॉलरना. जॉब्जनी दोन-चार पर्याय मागितले तेव्हा रँडनी ते साफ नाकारले: मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही पैसे द्याल, वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गोष्ट सांगायला छान आहे, पण नवख्याने तिच्यावरून दर ठरवू नयेत. रँडच्या मागे तोवर आयबीएम, यूपीएस, एबीसी अशा मोठ्या कंपन्यांची चिन्हं आणि येल विद्यापीठातली कित्येक वर्षांची शिकवणी उभी होती. दोघांमधला फरक प्रतिभेइतकाच बिल कशाचं करायचं याचाही आहे: तासांचं की निर्णयाचं.

दरांना काही आधार असावा म्हणून अमेरिकेत १९६७मध्ये ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना उभी राहिली आणि १९७३पासून तिची दर आणि करारांची पुस्तिका निघू लागली. इंटरनेटने या आधाराला धक्का दिला. १९९९च्या ईलान्स या वेबसाइटपासून कामांचे ऑनलाइन बाजार सुरू झाले. २००८मध्ये ९९डिझाइन्सने स्पर्धेची पद्धत रूढ केली, त्यात काम अनेकांनी करायचं आणि पैसे जिंकणाऱ्याला. २०१०मध्ये फायव्हरने पाच डॉलरपासूनची कामं मांडली. एआयजीए ही डिझायनरांची जुनी संस्था अशा फुकटच्या कामाला विरोध करत आली आहे. तो विरोध बरोबरच आहे, पण पोर्टफोलिओ रिकामा असलेल्याला तो पाळणं जड जातं. वसुलीसाठी कायदा आला तो न्यूयॉर्क शहरात, मे २०१७पासून: ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार सक्तीचा, आणि करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे.

आता पुन्हा शिकण्याकडे. फ्रीलान्ससाठी स्टुडिओतली नोकरी सुटली की शेजारचं टेबलही सुटतं. ‘हे अक्षर जरा आत घे’ म्हणणारं कुणी नसतं. ती जागा आधी लिंडा डॉट कॉमसारख्या व्हिडिओ शिकवण्यांनी घेतली, मग यूट्यूबने. हत्यार कसं वापरायचं ते त्यात उत्तम कळतं. स्वतःचं काम कुठे फसलंय ते कळत नाही. बिहान्स आणि ड्रिबल या वेबसाइटांवर काम मांडता येतं, पण तिथे कौतुक मिळतं, दुरुस्ती क्वचित. त्यात २०१३मध्ये अडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, म्हणजे काम नसलेल्या महिन्यातही हत्याराचं भाडं चालू. २०२२मध्ये चित्रं बनवणारी एआय साधनं सर्वांच्या हाती आली. झटपट बॅनर, साधी पोस्टर अशी हात बसवण्याची छोटी कामं क्लायंट आता स्वतःच उरकून पाहतो, आणि नवखे नेमके त्याच कामांवर शिकत असत.

उलट दिशेने एक गोष्ट झाली आहे. २०१६मध्ये खुलं झालेल्या फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच फाइलमध्ये अनेकांना एकाच वेळी काम करता येतं. दुसऱ्याचा कर्सर हलताना दिसतो. काही अनुभवी फ्रीलान्सर मोठं काम घेताना एखाद्या नवख्याला त्याच फाइलमध्ये सोबत घेतात, त्याचा वाटा कोटेशनमध्ये आधीच धरतात आणि करेक्शन त्याच्या डोळ्यांदेखत करतात. शिकण्याचा खर्च अशा वेळी क्लायंटच्या बिलातून निघतो, पूर्वी स्टुडिओत निघायचा तसाच.