तुमची पँट किती पाणी पिते?

जुलैमधल्या कुठल्याही रविवारी कळसूबाईला जा, शिड्यांच्या आसपास जीन्स घालून आलेला एक तरी जण भेटतोच. पहिला तासभर तो एकदम फॉर्मात असतो, फोटो-बिटो, आरडाओरडा, मग एक जोरदार सर येऊन जाते आणि त्याची चालच बदलते, म्हणजे गुडघ्यापाशी पँट हाताने वर ओढायची, दोन पावलं टाकायची, परत ओढायची, आणि शिडी आली की आधी एक मोठा सुस्कारा. हे ऐकीव सांगत नाहीये, काही वर्षांपूर्वी तो जीन्सवाला मीच होतो. १६४६ मीटरचं शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, आणि मला आठवतंय काय तर मांड्या सोलवटून निघालेल्या.

तेव्हा मला वाटायचं की ट्रेकिंग पँट वगैरे सगळी दुकानदारांची नाटकं आहेत. काही नाटकं आहेतच, त्यावर पुढे येतो. पण मूळ गोष्ट खरी आहे आणि ती एका प्रश्नात मावते: ही पँट पाणी किती धरून ठेवते?

कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याला ते फार आवडतात, त्यामुळे पाणी धाग्याच्या आत शिरून बसतं. कपड्याच्या लॅबमध्ये हे मोजतात ते २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत, आणि तिथे कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी नुसतं हवेतून ओढून घेतो. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर जेमतेम ०.४. म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेल्या सातशे ग्रॅमच्या जीन्समध्येही पन्नासेक ग्रॅम पाणी आधीच असतं, आपण तिला कोरडी म्हणतो इतकंच.

पण खरी गोम पुढेच आहे, आणि दुकानात कोणी सांगत नाही. पावसात भिजल्यावर धाग्याच्या आतल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धाग्यांच्या मधल्या फटींमध्ये अडकतं, केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. आणि फटी किती, हे ठरतं कापडाच्या जाडीवर. डेनिम चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, ट्रेकिंग पँटचं चांगलं कापड साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे. म्हणून लेबलवर शंभर टक्के पॉलिस्टर लिहिलेली जाड, आतून लव असलेली ट्रॅक पँट घेतली तर ती पण स्पंजासारखी पाणी पिते. नुसतं पॉलिस्टर वाचून खूश व्हायचं नाही, कापड चिमटीत धरून बघायचं.

आता 'क्विक ड्राय' या शब्दाबद्दल. आपल्याला वाटतं या कापडात काहीतरी जादू आहे, पाणी भराभर उडून जातं. तसं नसतं. सारख्याच आकाराची दोन ओली कापडं शेजारी शेजारी वाळत घाला, एक जीन्सचं आणि एक पातळ नायलॉनचं, सुरुवातीला दोन्हीकडून पाणी जवळपास सारख्याच वेगाने उडतं कारण तो वेग हवा, वारा आणि तापमान ठरवतं. पातळ कापड लवकर वाळतं कारण त्यात उडवायला पाणीच कमी असतं! एवढंच आहे ते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात घाटमाथ्यावरची हवा आधीच पाण्याने गच्च भरलेली, त्यात अजून वाफ कुठे जाणार, मग गडावर कुठलीच पँट 'क्विक' वाळत नाही. तिथे कामाला येतं ते एकच, पँटने मुळात पाणी कमी घेतलेलं असणं.

एवढं वाळवायचं कशाला, ओलं राहू दे की, असं म्हणणारे पण असतात. ठीक आहे, हिशोब करू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. समजा पिळल्यावरही जीन्समध्ये ४०० ग्रॅम पाणी उरलं, तर ते उडवायला ९६० किलोज्यूल, म्हणजे जवळपास २३० किलोकॅलरी. दोनेक भाकऱ्यांची ऊर्जा झाली ही. सगळी काही तुमच्या अंगातून जात नाही, थोडी हवेतून, ऊन असेल तर उन्हातून येते, पण रात्री गुहेत बसलाय, वारा सुटलाय, तर बराचसा वाटा तुमचाच. शिवाय स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, त्यामुळे ओली पँट पायाला चिकटली की अंगातली ऊब सरळ बाहेर. हरिश्चंद्रगडावर भर उन्हाळ्यात घामेजलेले लोक संध्याकाळी कुडकुडतात ते यामुळेच.

आणि वजन. पायात घातलेल्या वजनाचा खर्च पाठीवरच्या वजनापेक्षा चार ते सहापट असतो हे जुन्या लष्करी प्रयोगांमध्ये दिसलेलं आहे, कारण प्रत्येक पावलाला ते वजन उचलायचं, पुढे फेकायचं, थांबवायचं. ते आकडे बुटांचे आहेत, पँट कमरेपासून खाली पसरलेली असते म्हणून तिला तेवढा गुणाकार लागू होणार नाही, मान्य. पण ओल्या पँटमधलं पाणी हळूहळू खाली उतरतं आणि मोहरीपाशी, म्हणजे पायाच्या खालच्या कडेशी जमतं, म्हणजे नेमकं बुटाच्या जवळ. गंमत आहे की नाही.

डेनिमला उगाच शिव्या द्यायला नकोत. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट १८७३ साली घेतलं ते अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कष्टकरी लोकांसाठी, तिथे टिकाऊपणा हवा होता. भंडारदऱ्याच्या पावसाचा विचार त्यांनी कशाला करावा.

नायलॉन आलं १९३५ साली, ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या हाताखाली. १९४० मध्ये त्याचे बायकांचे मोजे बाजारात आले आणि लगेच युद्धामुळे सगळं नायलॉन पॅराशूटकडे वळलं. पँटच्या कापडावर बारीक चौकटी दिसतात ना, वहीच्या पानासारख्या, ते रिपस्टॉप तिथलंच. ठरावीक अंतरावर एक जाड धागा विणलेला असतो, फाटत आलेली चीर त्या धाग्यापाशी अडते. पॉलिस्टर त्यानंतर, १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी केलं, नाव ठेवलं टेरिलिन. हे नाव ऐकून ज्यांच्या घरातले वडीलधारे गालात हसतील त्यांनी ओळखलं असेलच, आपली टेरिकॉटची पँट म्हणजे टेरिलिन अधिक कॉटन! इस्त्री न मोडणारी, एका रात्रीत वाळणारी. बाबांच्या पिढीने त्या पँटवर गड केले आणि त्यांचं फार काही अडलं नाही, त्याचं कारण हे.

नायलॉन की पॉलिस्टर, यावर ट्रेकवाल्यांमध्ये वाद चालतात. पॉलिस्टर पाणी कमी घेतं आणि उन्हात जास्त टिकतं. नायलॉन घासलं तरी दम धरतं. आपल्याकडे कातळावरून बूड टेकून घसरत उतरणं हा रीतसर प्रकार आहे, तेव्हा मी नायलॉनच्या बाजूने. नुसतं चालणं, सायकल, एसटीचा प्रवास असेल तर पॉलिस्टर चालेल, फक्त एक लक्षात ठेवा, घामट वास पॉलिस्टरला कापसापेक्षा जास्त धरतो. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये टी-शर्टांवर हे तपासलं होतं, वास करणाऱ्या काही जिवाणूंना पॉलिस्टर मानवतं असं त्यात दिसलं.

आता शिवण, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण लोक रंग बघतात, खिसे मोजतात आणि आसन, म्हणजे पँटचा दोन पायांमधला भाग, बघतच नाहीत. गुडघा पूर्ण वाकवला की त्यावरची कातडी लांबीत साधारण ३५ ते ४५ टक्के ताणली जाते. कातडी ताणते, साधं कापड ताणत नाही, मग पँटला एक तर वर सरकावं लागतं नाहीतर मागून ओढून घ्यावं लागतं. कोरडी असताना ती सरकते. ओली झाली की पाण्याचा पातळ थर तिला कातडीला चिकटवून ठेवतो, सरकणं बंद, सगळा ताण आसनावर, आणि हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत टर्रकन आवाज येतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, कापडात इलास्टेन मिसळायचं, ज्याला स्पँडेक्स किंवा लायक्रा म्हणतात, ड्यूपाँटच्याच जोसेफ शिव्हर्सने १९५८ मध्ये शोधलेलं. ते पाच-दहा टक्के असलं तरी पुरे. दोन, गुडघ्यापाशी चुण्या घालून पाय आधीच थोडा वाकलेला शिवायचा. तीन, आसनात चार शिवणी एका बिंदूवर आणण्याऐवजी तिथे हिऱ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा जोडायचा, मग ताण एका टोकावर न येता वाटला जातो आणि पाय बाजूला फाकतो. ही तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. नऊवारीचा कासोटा घालून बायका डोंगरउतारावर भात लावत आल्यात, धोतर नेसून माणसं माडावर चढत आलीत, तिथे पण हाच विचार आहे की दोन पायांच्या मध्ये सैल कापड ठेवा. इलास्टेन मला कमी आवडतं कारण ते उष्णतेने आणि क्लोरीनने लवकर मरतं, गरम पाण्यात धुवत राहिलात की वर्षा-दोन वर्षांत गुडघ्याला पोचा पडतो आणि तो परत जात नाही.

पावसाळा संपला की वेगळीच लढाई. सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाची शेपटी ओली झाली की पीळ उलगडतो, वाळली की परत पीळ बसतो, आणि टोकाला उलटे केस, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात ते थोडं पुढेच जातं, मागे येत नाही. जमिनीत बी पेरायची ही गवताची सोय, चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने अशा स्वतःला पुरून घेणाऱ्या बियांची यंत्रणा १८७६ सालीच लिहून ठेवली होती. बिचाऱ्या गवताला तुमची ट्रॅक पँट आणि माती यातला फरक कळत नाही. विणलेल्या, होजिअरीसारख्या कापडात फासे मोकळे असतात, कुसळ आरपार जातं. मागावरच्या घट्ट आणि गुळगुळीत कापडाला टोक लागतं पण शिरायला भोक मिळत नाही. करवंदीच्या आणि घाणेरीच्या काट्यांचंही तसंच, होजिअरी अडकून उसवते, घट्ट नायलॉनवरून काटा बहुतेक वेळा घसरून जातो.

खाजकुइली तर विचारू नका. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की तिचे बारीक सोनेरी केस नुसत्या वाऱ्यानेही उडतात, त्यात म्युक्युनेन नावाचं प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं, ते कातडीतल्या खाजेच्या नसा थेट चेतवतं. ही खाज हिस्टामिनच्या, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाच्या वाटेने येत नाही म्हणून ॲलर्जीची नेहमीची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. खाजवलं तर केस पसरतात, चिकटपट्टी लावून उपटलेले बरे. अशा वाटेवर हाफ पँट घालून जाणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. गुडघ्याला चेन असलेली, खालचा भाग काढता येणारी पँट हा त्यावरचा मधला मार्ग, सांदण दरीच्या पाण्यात उतरताना मस्तच, पण ती चेन बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येत असेल तर दिवसअखेर लाल वण उठणार, घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पाणी झटकणाऱ्या लेपाबद्दल दोन शब्द. नव्या पँटवर पाण्याचे मोती होऊन घरंगळतात ते त्या लेपामुळे, आणि तो लेप बरीच वर्षं कार्बन-फ्लोरिनच्या रसायनांचा असायचा, ज्यांना आता पीफास म्हणून ओळखतात. ती निसर्गात विघटन पावत नाहीत म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांमध्ये ती बंद केली. नवे लेप त्यांच्याशिवाय येतात. माझं मत विचाराल तर भुरभुर पावसाला आणि सकाळच्या दवाला लेप छान, आपल्या आषाढाला तो पुरत नाही, दोन तासांत शरण. फॅब्रिक सॉफ्टनर वापरलात तर त्याआधीच. आणि पूर्ण वॉटरप्रूफ पँट घालून चढाल तर बाहेरून कोरडे आणि आतून घामाने निथळलेले, खर्च करून तेच.

उन्हाच्या बाबतीत मात्र जीन्सला मानलं पाहिजे, डेनिममधून अतिनील किरण जवळजवळ जातच नाहीत. हलक्या पँटवर यूपीएफ ५० लिहिलेलं असलं तर किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत येतो, तेवढं पुरतं. हिमालयात केदारकंठासारख्या ठिकाणी बर्फात जाताना हीच पातळ पँट चालते, आत थर्मल घालायचं, वारा ती अडवते. शेकोटीपासून मात्र लांब बसा, कापसावर ठिणगी पडली तर डाग पडतो, नायलॉन-पॉलिस्टर दोन-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं.

खरेदीला जाल तेव्हा ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. उकिडवे बसा, पार टाचा टेकवून. मग एक पाय समोरच्या स्टुलावर ठेवा. कमरेमागे पँट खाली ओढली गेली नाही आणि गुडघ्याला आवळली नाही तर पास. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, थोडी हवा पलीकडे गेली तर घाम निघायला जागा आहे. आणि घरी आणल्यावर, टॅग कापायच्या आधी नको, दुकानदार परत घेणार नाही, पण पहिल्या धुण्याला, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, पँट कोरडी मोजा, बादलीत बुचकळा, हाताने घट्ट पिळा, परत मोजा. जीन्सचंही तसंच करा. माझ्या घरातले आकडे सांगत नाही कारण पिळणारा हात प्रत्येकाचा वेगळा, पण जीन्सची पाळी आली तेव्हा आमच्या पाच किलोच्या काट्याचं ताटली-भांडं सगळं पाण्यात गेलं आणि तो काटा आता फक्त ट्रेकच्या सामानासाठीच वापरायचा असा घरात ठराव झालाय.