पोटाखालचा कोन : खडकावर चढणारी मोठी फोर बाय फोर निवडताना

तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिमी आणि रॅम्पओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडता येण्याचा कोन, 27 अंश. पाच दारांच्या थार रॉक्सचा व्हीलबेस 2850 मिमी आणि हाच कोन 23.9 अंश. आई-बाबांना मागे ऐसपैस बसता यावं, चौघांचं सामान मावावं म्हणून मोठी गाडी घ्यायची, तर त्याची किंमत पोटाखाली मोजावी लागते. पुढची चाकं धोंडा ओलांडून गेली, मागची अजून अलीकडेच आहेत आणि मधला भाग टेकला, की गाडी पोटावर बसते. मग चाकं फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही, कारण वजन टायरवरून उतरून चासीवर आलेलं असतं. अशा वेळी इंजिनची ताकद काहीच कामाची नसते.

हिशेब साध्या त्रिकोणाचा आहे. जमीन ते पोट ही उंची आणि अर्धा व्हीलबेस, यांच्या गुणोत्तरावर कोन ठरतो. 2450 मिमी व्हीलबेसवर 226 मिमी उंचीने जो कोन मिळतो, तोच 2850 वर हवा असेल तर पोट 263 मिमी वर पाहिजे. म्हणजे 37 मिमी जादा. टायर मोठे करून ही उंची मिळवायची तर टायरचा व्यास दुप्पट, म्हणजे 74 मिमी वाढवावा लागतो, कारण उंची फक्त त्रिज्येइतकीच वाढते. एवढा टायर व्हीलआर्चला घासतो, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आत अडकतो, आणि 255/65 आर 18 सारख्या टायरच्या जागी बसवला तर एकूण गिअरिंग नऊ टक्क्यांहून जास्त उंच होतं, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त वेगाने जाते आणि जोर कमी पडतो. खडकावर आपल्याला नेमकं त्याच्या उलट हवं असतं.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आणि जानेवारी 2019 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. परदेशातल्या व्हिडिओंत दिसणारे लिफ्ट किट आणि अवाढव्य टायर पाहून ‘आधी गाडी घेऊ, मग उचलून घेऊ’ असा बेत करू नये. जो कोन हवा तो कारखान्यातूनच आला पाहिजे. साइड स्टेप मात्र काढून ठेवता येते. ती पोटापेक्षा खाली लोंबते आणि पहिल्याच धोंड्यावर वाकून दार अडवते.

दुसरा आकडा ब्रोशरमध्ये सहसा सापडत नाही, तो स्वतः काढावा लागतो: क्रॉल रेशो. पहिल्या गिअरचा रेशो, लो रेंजचा (फोर बाय फोरमधल्या हळू पण जोरकस जोडगिअरचा) रेशो आणि ॲक्सलमधल्या फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचा) रेशो, या तिघांचा गुणाकार. समजा 4, 2.5 आणि 4 आहेत, गुणाकार 40. डिझेल इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला 800 फेरे घेतं, म्हणजे चाक 20 फेरे घेईल. वर सांगितलेल्या टायरचा परीघ सुमारे 2.48 मीटर, तेव्हा वेग ताशी तीन किमी. तीच गाडी हाय रेंजमध्ये ठेवली तर गुणाकार 16 आणि आयडलचा वेग ताशी साडेसात किमीच्या जवळ. या वेगाने गुडघाभर धोंड्यावर चाक चढवता येत नाही, आदळतं. मॅन्युअल गाडीत चालक मग अर्धा क्लच दाबून वेग मारायला बघतो, आणि दोन-तीन चढांत क्लच प्लेटचा जळका वास येतो. जीप रँग्लर रुबिकॉनचं खडकावर एवढं नाव का, ते याच गुणाकारात दिसतं. तिच्या अमेरिकी ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये 4.71 गुणिले 4 गुणिले 4.10, म्हणजे 77. थारचा लो रेंज रेशो 2.48 आहे, फॉर्च्युनर आणि हायलक्सचा 2.566. सह्याद्रीतल्या वाटांना एकूण 40 च्या आसपासचा गुणाकार पुरतो. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीचा जोर आणखी वाढवतो आणि क्लच जळण्याची भीती राहत नाही. खडकासाठी आमचा कल स्पष्टपणे ऑटोमॅटिककडे आहे.

लांब गाडीच्या बाजूनेही बोलायला हवं. चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं आणि किती सरकतं ते गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस यावर ठरतं. गुरुत्वमध्य 700 मिमीवर आणि चढ 30 अंशांचा धरला, तर 2450 च्या गाडीत पुढच्या चाकांवरचा वाटा 50 टक्क्यांवरून सुमारे साडेतेहतीसवर येतो, 2850 च्या गाडीत 36 च्या आसपास राहतो. पुढच्या चाकांना पकड राहिली तर स्टीअरिंग ऐकतं. उभ्या पायरीसारख्या कातळावर लांब गाडी आखूड गाडीपेक्षा शांतपणे चढते ती यामुळे. हा फायदा छतावर सामान लादून घालवू नये. 2.2 टनांच्या गाडीच्या कॅरिअरवर 1.9 मीटर उंचीला 100 किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटरने वर जातो.

आता डिफरन्शियल किंवा डिफ, म्हणजे ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा. साधं डिफ दोन्ही चाकांना समान टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. एक चाक हवेत गेलं की ते फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून दगडावरच्या चाकालाही तेवढाच, जवळजवळ शून्य जोर मिळतो. यावर तीन उपाय आहेत आणि ते एकसारखे नाहीत. ब्रेकवर चालणारी यंत्रणा सुटलेल्या चाकाला ब्रेक लावते. पण आधी चाक फिरावं लागतं, मग ती जागी होते, आणि सततच्या वापरात ब्रेक तापतात. थारच्या काही मॉडेलांत मागच्या ॲक्सलवर मिळणारं यांत्रिक लॉकिंग डिफ डाव्या-उजव्या चाकांत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतं. म्हणजे इथेही थोडा ॲक्सिलरेटर देऊन चाक फिरू द्यावं लागतं. तिसरा उपाय चालकाच्या हातातला लॉक, जो दोन्ही चाकं एकत्र बांधून सारखीच फिरवतो. चाक सुटायच्या आधी तो लावता येतो, टायर घसरत नाही, खडक खरवडला जात नाही, ॲक्सलला झटका बसत नाही. खडकासाठी हाच खरा. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये आणि फॉर्च्युनर-हायलक्समध्ये मागे तो बटणावर मिळतो. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे.

पुढचं डिफ लॉक केलं की स्टीअरिंग जड होतं. त्यातच चाक पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर दाबून गाडी उड्या मारू लागली, तर सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकापर्यंत जोर पोचवणारा सांधा) फुटतो. तेव्हा लॉक असताना चाकं शक्य तितकी सरळ ठेवायची. डांबरी रस्त्यावर पार्टटाइम फोर बाय फोर लावूनच ठेवू नये, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.

टायर सह्याद्रीच्या खडकाकडे पाहून घ्यावेत. आपला कातळ दख्खनच्या पठारातला बेसॉल्ट, फुटला की धारदार कडा देणारा. इथे टायर ट्रेडवर (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर) कमी फाटतो, बाजूच्या भिंतीवर जास्त. आणि तिथे गेलेला काप टायरवाला पंक्चरसारखा भरून देऊ शकत नाही. म्हणून तीन पदरी भिंतीचे एटी (ऑल टेरेन) टायर घ्यावेत आणि स्टेपनी पूर्ण मापाची असावी. रिम 19 किंवा 20 इंचांची असली की भिंत बुटकी होते. शोरूममध्ये ती छान दिसते, खडकावर रिमच ठेचली जाते. 17-18 इंचांची रिम मिळत असेल तर ती निवडा.

खडकाजवळ पोचलं की हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवायची. चाकावर 550 किलो वजन असेल, तर 32 पीएसआयला टेकण्याचा भाग साधारण 245 चौरस सेंटिमीटर भरतो, 18 ला 435 च्या आसपास. टायरचा स्वतःचा ताठपणा धरला तर प्रत्यक्ष फरक थोडा कमी, पण टायर दगडाच्या कंगोऱ्याभोवती बसतो हे डोळ्यांना दिसतं. बीडलॉक रिम (टायरची कड घट्ट पकडून ठेवणारी) नसेल तर 15 च्या खाली जाऊ नये, आडव्या उतारावर टायर रिमवरून सुटतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कातळावर हवा कमी करूनही पकड बेताचीच मिळते. तिथे उतरून वाट पायी पाहावी, आणि पुढे उभा राहून चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवणारा एकच माणूस असावा. दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही.

मुंबईकराला आणखी एक माप लागतं, पार्किंगचं. हायलक्स 5325 मिमी लांब आहे. साडेचार मीटरच्या जागेत ती मावत नाही. 3085 मिमी व्हीलबेस आणि मागचा 26 अंशांचा कोन यांमुळे खडकावरही तिचं मागचं टोक टेकतं. ती लांबच्या कच्च्या प्रवासाला उत्तम, खडकाला नाही. पाच दारांची गुरखा 4390 मिमीची आणि रॉक्स 4428 मिमीची. मोठ्या गाड्यांत आमची निवड खडकच मुख्य असेल तर गुरखा, आणि आठवड्याचे पाच दिवस वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर काढायचे असतील तर रॉक्स.

बुकिंगपूर्वी गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि टॉर्च घेऊन खाली जा. ट्रान्सफर केस आणि डिझेलच्या टाकीखाली लोखंडी गार्ड आहे की नुसतं प्लास्टिक, सायलेन्सरचा पाइप चासीच्या वर आहे की खाली, ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी कुठे लोंबते, मागच्या शॉकअपचं खालचं टोक किती खाली येतं, हे पाहा. पुढे-मागे ओढण्यासाठीचा हुक चासीला बोल्टने पक्का बसवलेला हवा. ट्रकवर बांधण्यासाठीची बारीक कडी दोरी लावून ओढली की तुटते आणि गोळीसारखी उडते. मग टेप घेऊन दोन चाकांच्या बरोबर मधोमध, सगळ्यात खालच्या भागापासून जमिनीपर्यंत मोजा. ही उंची ब्रोशरमधल्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा वेगळी निघू शकते, कारण तो आकडा बहुधा ॲक्सलच्या गोळ्याखाली घेतलेला असतो.