जुन्या पिकअपमधील बदललेले इंजिन कसे ओळखावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुर्भ्याचा बाजार, वाशी आणि ठाण्यातील वागळे इस्टेट या भागांत भाडे मारणाऱ्या अनेक जुन्या पिकअपमध्ये आज कारखान्यातून आलेले मूळ इंजिन राहिलेले नाही. गाडी दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असल्यास इंजिन कोणी, कधी आणि कुठून आणून बसवले, हे सांगणारे कोणी उरत नाही. आणि मग गाडीच्या नावावर मागवलेले हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधला सांधा बंद करणारा पातळ पत्रा) किंवा पिस्टनचा संच बसत नाही. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे, की सुटा भाग मागवताना गाडीच्या मॉडेलआधी इंजिनची ओळख सांगावी.

चेसिस नंबरावरून ही ओळख पटत नाही. ‘एमएटी’ने सुरू होणारा नंबर टाटा मोटर्सचा आणि ‘एमए१’ने सुरू होणारा महिंद्राचा, एवढे त्यातून कळते, पण ती माहिती गाडीची असते, नंतर बसवलेल्या इंजिनची नव्हे. टॅपेट कव्हर (इंजिनवरचे वरचे झाकण), रंग आणि स्टिकर यांवर तर मुळीच विसंबू नये, कारण या गोष्टी सहज बदलता येतात. इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरील पट्टीही पंपाची माहिती देते, आणि पंप दुसऱ्या इंजिनवरून काढून लावलेला असू शकतो.

खरा आधार म्हणजे ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला इंजिन नंबर. तो बहुधा ब्लॉकच्या बाजूला, सपाट केलेल्या जागेवर असतो आणि ऑइलच्या काजळीखाली किंवा गंजाखाली झाकला जातो. ती जागा डिझेल व मऊ ब्रशने साफ करावी. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर कधीही लावू नये. अक्षरे घासली गेल्यास नंबर वाचता येत नाही, शिवाय आरटीओच्या तपासणीत नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो. ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेले आकडेही असतात. ते ओतीव ब्लॉकचा प्रकार दर्शवतात, इंजिन नंबर म्हणून ते लिहून आणू नयेत.

नंबर वाचताच येत नसेल, तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडल्यावर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जेवढे सरकते ते अंतर) मोजावा. टाटाच्या जुन्या डिझेल इंजिनांच्या नावातच याचा धागा मिळतो : ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर, ४८३ म्हणजे ४ सिलिंडर आणि ८३ मिमी बोअर. ४९७ चा स्ट्रोक १०० मिमी असल्याने ते २९५६ सीसीचे होते, तर ९० मिमी स्ट्रोकचे ४८३ हे १९४८ सीसीचे. महिंद्राच्या गाड्यांतील एक्सडी३पी इंजिनचा बोअर ९४ व स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे २४९८ सीसी. आणि २५२३ सीसीच्या डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनचा बोअर ८८.९ व स्ट्रोक १०१.६ मिमी. ही शेवटची दोन इंजिने सीसीने इतकी जवळ आहेत, की नुसते ‘अडीच लिटरचे इंजिन’ असे सांगितल्याने चुकीचा माल हमखास निघतो, आणि यातले एकाचे पिस्टन दुसऱ्याला कधीच चालणार नाहीत. एक्सडी३पी मध्ये डिझेल आधी छोट्या पूर्वदहन कक्षात पडते, म्हणून त्याच्या हेडवर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना तो कक्ष तापवणारे प्लग) दिसतात; ही खूण हेड न उघडताही पाहता येते.

मापे घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिन पूर्वी बोअर केलेले, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे केलेले असेल, तर बोअर मूळ मापापेक्षा ०.२५ किंवा ०.५० मिमीने मोठा भरतो. क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) घासली तरी स्ट्रोक मात्र बदलत नाही. म्हणून आम्ही आधी स्ट्रोक पाहतो, नंतर बोअर. एक्सडी३पी आणि ४८३ यांचा स्ट्रोक सारखाच असल्याने तेथे बोअरशिवाय निर्णय होत नाही.

मिळालेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसल्यास लगेच चोरीचा माल समजण्याचे कारण नाही. आधीच्या मालकाने नोंदच केलेली नसण्याची शक्यता असते. मात्र इंजिन खरेदीचे बिल मागून घ्यावे आणि आपल्या आरटीओत नोंदीबाबत अर्ज करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाची माहिती १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला देण्याची जबाबदारी मालकावर आहे.

आमच्याकडे येताना इंजिन नंबराचा स्पष्ट फोटो किंवा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा), इंजिनच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आरसीची प्रत आणि शक्य असल्यास काढलेला जुना भाग आणावा. गॅस्केट फाटलेले असले तरी टाकून देऊ नये. त्याच्या भोकांची मांडणी पाहून बरेचदा इंजिन ओळखता येते.